सरळ केलेल्या दोन तारा

साउंडवाल्यानं लिहिलं म्हणजे तुमचं आधीच ठरलं असन. हा आता डीजेच्या भिंतीचं सांगन, वरातीत फुटलेल्या काचा सांगन, जप्त झालेल्या बॉक्सचं सांगन, अन् शेवटी ठाणेदाराचा आवाज काढून दाखवन. ठाणेदाराचा आवाज मले येते, भलता येते, पण कागदावर तो निघत नाही, म्हणून तुम्ही वाचले. अन् मी जे सांगणार हाय ते झालं भर दुपारी चार वाजता, आवाज एकदम कमी ठेवून, अन् कोणीच नाचलं नाही. ज्याले धिंगाणा पाहिजे त्यानं पान उलटावं. पुढं कोणाची तरी कविता असनच.

मी भिवापूरचा. बारावी तिथंच, मंग नागपुरात आयटीआय, अन् तेव्हापासून गोळीबार चौकाच्या मागं ईश्वरकाकाच्या दुकानात. साउंड भाड्यानं देणं अन् बिघडलेलं दुरुस्त करणं, दोन्ही काम. काका विणकराच्या घरचे. बापाचा माग होता, तो बंद पडला, काका रेडिओकडं वळले. पण हाताची सवय जाते कुठं? त्यायनं जोडलेला डब्बा खोलला का तारा अशा दिसतेत जसा मागावर ताणलेला ताणा. एक बी लोंबत नाही. फक्त एक खोड. काका काही लिहून ठेवत नाही. कोणती तार कुठं जाते, काहून जाते, सारं डोक्यात. विचारलं का म्हणतेत, "हात सांगते."

गिऱ्हाईक बी आमच्याकडं एकेक येते. मौद्याचा एक माणूस अँप्लिफायर घेऊन आला, म्हणे, "आवाज खारा येऊन राहिला, गोड करून दे." खोलून पायलं तर उंदरीण बाळंत झाली होती. एका प्रवचनकार महाराजाले घुमणारा आवाज पाहिजे होता, "देव बोलते तसा, पण आवाज माहाच." करून दिला. प्रवचन संपलं, महाराज बटन बंद कराले विसरले, अन् साऱ्या मैदानात आकाशवाणी झाली: "माही चप्पल कोणी नेली गाऽ गाऽ गा." अशा गोष्टी मी तासभर सांगू शकतो. पण या धंद्यात माही एकच गोष्ट अशी हाय जी मी कोणाले हसत सांगितली नाही.

आधी सामान समजून घ्या. प्रोग्रामले जे उंच बॉक्स लावतेत, त्यात एक स्पीकर नसते. मोठा स्पीकर ढोलाचा धम्म सांभाळते, मधला माणसाचा आवाज, अन् वरचा लहाना टाळ, झांज अन् तोंडातले ‘स’ ‘श’. आवाजाचे वाटे करून ज्याचा त्याले देणारा डब्बा म्हणजे क्रॉसओव्हर. आता हा डब्बा डिजिटल झाला. आत आवाजाचे आकडे होतेत अन् आकड्यायचीच वाटणी होते. पण आकडे व्हायच्या आधी डब्ब्याले एक ओसरी असते. तिथं आवाज अजून तारेतली वीजच असते. दोन-चार कंडेन्सर, आठ पायाची एक आयसी, थोडे रेझिस्टर. कंपनीवाले सारी हुशारी आतल्या आकड्यायवर लावतेत अन् ओसरीत हलकं सामान टाकतेत. माही गोष्ट या ओसरीतली हाय.

एका बुधवारी दुपारी वत्सलाबाई दुकानात आल्या. कुहीपासून कामठीपर्यंत असा विहार नसन जिथं त्या गायल्या नाहीत. स्वतःची गायन पार्टी, तीस वर्षांची. त्यायच्या खांद्यावर हात ठेवून मागं त्यायचे मालक, सुदामजी. पार्टीत पेटी वाजवत. शुगरनं दोन्ही डोळे गेले तेव्हापासून पेटी बी बंद.

"जय भीम, बाबू. ईश्वरभाऊ नाहीत का?" बाईचा आवाज सायकलच्या ट्यूबमधून हवा निघावी तसा.

"जय भीम, मावशी. काका उमरेडले गेलेत, साळ्याची तब्येत बरी नाही. मले सांगा ना, मी बी थोडा थोडा ईश्वरच हाय."

सुदामजी हसले. बाई नाही हसल्या.

"येत्या बुधवारी माहा घसा काढून राहिले," त्या म्हणाल्या. उद्या नळ येणार नाही, असं कोणी सांगावं, तसं. "गाठ हाय. आवाजाची पेटीच काढतेत म्हणे. मंग गाणं बी नाही अन् बोलणं बी नाही."

माह्या तोंडात दुसरी गंमत तयार होती. गिळली.

"रविवारी चार वाजता विहारात कार्यक्रम हाय. मी एकच गाणं म्हणीन. तेवढाच श्वास पुरते. बाकीचे गाणे पार्टीतल्या पोट्ट्या म्हणतीन. हे गाणं यायनं बांधलं, डोळे जायच्या आधी. पार्टीले उडत्या चाली लागत, म्हणून स्टेजवर कधी म्हटलंच नाही. घरी एखादी ओळ गुणगुणली असन. पूर्ण यायनं बी ऐकलं नाही."

"ते भज्यायचं सांग वं त्याले," सुदामजी म्हणाले.

"हाव. मागच्या बारीले तुमच्या बॉक्समधून कढईत भजे तळल्यासारखं सूंऽऽ येत होतं. पोट्ट्यायच्या आवाजात ते दबून जाते. माह्या आवाजात नाही दबणार, बाबू. मीच त्याच्यात दबीन. यायले साफ ऐकू आलं पाहिजे. बाकी कोणाले नाही आलं तरी चालते."

सुदामजीनं माहा हात शोधून पकडला. "अन् मले मधात बसव. दोन्ही बॉक्सच्या बरोबर मधात. तिथूनच समजते कोण कुठं उभं हाय. पार्टीत असताना मी डोळे मिटून सांगत होतो, कोणती पोट्टी माइकपासून हालली."

"काका, टेप लावून बसवतो तुम्हाले," मी म्हटलं.

ते भजे कुठून येते ते मले माहीत होतं. आमचा मिक्सर लहान. अन् कंपनीनं डब्ब्याची ओसरी बनवली मोठ्या मिक्सरच्या दणक्यासाठी. म्हणजे आमचा आवाज दारातच दबून आत जाये, अन् मंग बाहेर निघताना आम्ही त्याले ओढून ओढून मोठा करू. त्याच्यासंग डब्ब्याची सूंऽऽ बी मोठी होये. उपाय एकच. दारातच आवाज नीट घ्या, मागून ओढायचं काम पडत नाही. त्यासाठी ओसरी खोलून सामान बदलाव लागते. असं काम मी एकट्यानं कधी केलं नव्हतं.

गुरुवार अन् शुक्रवार मी दुकानाचं शटर अर्धं पाडून बसलो. आयसीचे आठ पाय एकेक करून सोडवले. त्यात जरा घाई झाली तर पाटीवरची तांब्याची रेघ संगं निघून येते, मंग डब्बा भंगारात. एक रेघ नाही उखडली. तिथं बेस, म्हणजे आयसीची बैठक, बसवली, त्यावर कमी आवाज करणारी चांगली आयसी लावली. वाळलेले कंडेन्सर फेकले, नवे टाकले. दोन्ही बाजूचे दोन-दोन रेझिस्टर बदलून दार रुंद केलं. पाठ दुखून आली, पण सांगतो, हात चालत होता. काकानं पायलं असतं तर "हं" म्हटलं असतं. काकाचं "हं" म्हणजे आमच्याकडं सुवर्णपदक.

अन् तिथंच मले ते दिसलं.

बाहेरून येणारा आवाज दोन तारांवर येते. एकीवर सरळ, दुसरीवर त्याचाच उलटा. डब्बा दोघींतला फरक काढते, म्हणून रस्त्यात लागलेली घरघर कटून जाते. उजव्या बाजूले तारा आपापल्या जागी होत्या. डाव्या बाजूले अदलाबदल. लाल पांढऱ्याच्या जागी, पांढरी लालच्या. सोल्डरचा डाग काकाच्याच हातचा, गोल, चकचकीत.

मी हसलो. म्हटलं, म्हातारा चुकला. मोतीबिंदू पिकला, अन् आम्हाले सांगते हात सांगते. दुकानात कोणी नव्हतं तरी काकाचा आवाज काढून घेतला, "पंक्या, तार पाहून जोड, तार डूख धरते!" अन् दोन्ही तारा सोडवून सरळ केल्या.

उमरेडले फोन लागत होता. मी लावला नाही. काका परत आले का एकदमच दाखवीन, त्यायच्याच तोंडावर त्यायचीच चूक, हे मनात होतं.

दुकानातल्या छोट्या तारांवर लावून पायलं. भजे गेले. पूर्ण गेले. डब्बा चालू हाय का बंद, समजे ना. मी त्या शुक्रवारी सायकल घेऊन घरी गेलो ते सीटवर बसलोच नाही, असं वाटत होतं.

रविवारी विहाराच्या मैदानात दोन्ही बाजूले बॉक्स उभे केले. कमिटीवाल्यायनं सांगितलं, मधात आयाबाया बसतीन, तुहा मिक्सर बाजूले घे. उजव्या बॉक्सपाशी कडुनिंबाखाली टेबल मिळाला. तिथून स्टेजपर्यंत आमची नेहमीची लांब केबल टाकली, बोटाएवढी जाड, सोळा जोड्यांची. डावा बॉक्स एकटा ऐकला, मस्त. उजवा एकटा ऐकला, मस्त. दोन्ही संगं लावून मी माह्या झाडाखाली ऐकलं, म्हणजे खरं तर उजवाच ऐकला.

मंग सुदामजीले आणलं. एका बॉक्सपासून पावलं मोजत निघालो, एकोणीस भरले. दुसऱ्या बॉक्सपासून बी एकोणीस. तिथं खुर्ची ठेवली.

"बरोबर मधात?" त्यायनं विचारलं.

"काका, एक बोट इकडं नाही, एक बोट तिकडं नाही."

वंदना झाली. वत्सलाबाई स्टेजवर खुर्चीत बसल्या, माइक हातात, नजर थेट मालकाच्या खुर्चीवर. गाणं सुरू झालं. चाल मी सांगू शकत नाही, पण अशी होती जशी एखादी बाई भरलेला घडा न हिंदकळू देता घरी आणते. आवाज फाटत होता अन् वत्सलाबाई त्याले तिथंच सांभाळून घेत होत्या. माह्या कानाले हेडफोन. एक कण सूंऽऽ नाही. श्वास घेतलेला ऐकू येत होता. मले माहाच अभिमान वाटला, खोटं काहून सांगू.

दुसऱ्या कडव्याले पायलं तर सुदामजी मान इकडंतिकडं फिरवून राहिले. मंग उठले, खुर्ची धरली, उलटी फिरवली, अन् स्टेजकडं पाठ करून बसले.

मले वाटलं रडून राहिले असन. लोकायत नको म्हणून तोंड फिरवलं असन. आजूबाजूच्या आयाबायायनं बी पदर डोळ्याले लावला. स्टेजवर वत्सलाबाईचा एक सूर चुकला, फक्त एक, मंग त्यायनं गाणं पूर्ण केलं. टाळ्या झाल्या. पोट्ट्यायनं त्यायले हात देऊन खाली उतरवलं, विहाराच्या खोलीत नेऊन बसवलं.

मी धावत सुदामजीपाशी गेलो. "काका, साफ आला ना आवाज?"

"साफ आला गा," ते म्हणाले, "पण वत्सला मागं काहून गेली? मी फिरून बसलो, तरी मागंच. कुठं उभी होती ती?"

 हे वाक्य साउंडवाल्याले सांगाव लागत नाही. दोन बाजू एकमेकीच्या उलट चालल्या का असंच होते. एका दाराले एक जण आतून ढकलून राहिला अन् दुसरा बाहेरून, दार हालत नाही. बाजूले बसलेल्याले काही समजत नाही, त्याले एकच बॉक्स ऐकू येते. पण जो बरोबर मधात असते, त्याच्यापाशी आवाज पोकळ होते, अन् कुठून येते ते कळत नाही. पाठीमागून, नाही तर डोक्याच्या आतून आल्यासारखा. साऱ्या मैदानात असा पट्टा एकच, हातभर रुंद. मी पावलं मोजून त्यायले त्याच्यात बसवलं होतं.

स्टेजमागं जाऊन डब्ब्याच्या मेनूत डावी बाजू उलटी केली. एक बटन, दोन सेकंद. पोट्ट्यायचं गाणं सुरू झालं होतं. सुदामजीनं मान उचलली, खुर्ची परत स्टेजकडं फिरवली.

"आता पोट्ट्या समोर हायेत," ते म्हणाले. "म्हणजे वत्सला खरंच मागं होती."

इथं मी तोंड उघडलं. या तोंडानं मी आजवर लई जण हसवले. त्या दिवशी ते म्हणालं, "हाव काका. मावशी बिनतारेचा माइक घेऊन तुमच्या पाठीमागं येऊन उभी राहिली होती. तुमच्याजवळ."

त्यायचा चेहरा असा उजळला का मले वापस घेता नाही आलं.

सोमवारी काका उमरेडहून आले. मी तारेचं सारं सांगितलं. तोंडाचं नाही सांगितलं. काकानं ती जाड केबल ओढून तिचं टोक माह्यासमोर धरलं. "हे पाह्य. याची डावी जोडी मी जोडतानाच उलटी जोडली. वर राळ ओतून बंद केली होती, खोलली असती तर केबल गेली असती. म्हणून डब्ब्यात बी उलटी केली. उलट्याले उलटं, म्हणजे सरळ."

"मंग लिहून काहून नाही ठेवलं, काका?"

"तू विचारलं काहून नाही?"

 मंग काकानं पांढरी टेप काढली अन् डब्ब्यावर चिकटवून आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं: डावी उलटी. हात लावू नये. अन् न पाहता विचारलं, "सुदामले सांगितलं ना, काय झालं ते?"

"सांगितलं," मी म्हटलं.

बुधवारी ऑपरेशन झालं. पंधराएक दिवसांनी त्यायच्या शेजारच्या पोट्टीचा फोन आला, "वत्सला आजीनं बलावलं. लवकर ये म्हणते. म्हणजे लिहिते."

मी पपई घेऊन गेलो. बाई खाटेवर बसल्या होत्या, गळ्याले जाळीचा रुमाल, मांडीवर लहान्या पोरायची पाटी. सुदामजी खाली चटईवर. दोघायचं बोलणं आता हातावर चाले. तळव्यावर एक टिचकी म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. त्याच्यापुढचं काही सांगायचं असन तर वाचणारा तिसरा लागे.

"पंकज आला वं? बस गा," सुदामजी म्हणाले. "ऑपरेशन झाल्यावर मी हिले दवाखान्यात म्हटलं, पंकजनं सांगितलं मले, तू त्या दिवशी मागं येऊन उभी राहिली ते लई बरं केलं. तेव्हापासून ही रागात हाय. दोन-दोन टिचक्या मारते. काय झालं ते तूच विचार."

बाईनं पाटीवर लिहिलं अन् माह्यासमोर धरली. मी मनातच वाचून राहिलो, तर त्यायनं पेन्सिलीनं माह्या गुडघ्यावर ठोकलं. जोरात वाच.

"त्यायले सांग, मी कुठं होती," मी वाचलं. अन् मंग सांगितलं. "काका, मावशी समोरच होती. स्टेजवर. तुमच्याकडं पाहून गायली."

सुदामजीचा हात चटईवर थांबला. मी तारेचं सांगितलं, केबलचं सांगितलं, एकोणीस पावलायचं सांगितलं. 

बाईनं पदरानं पाटी पुसली. लिहिलं. मी वाचलं.

"मले वाटलं चाल मी बिघडवली. म्हणून तुम्ही पाठ केली. म्हणून मी घरी आल्यावर विचारलं नाही."

"अरे," सुदामजी म्हणाले, अन् त्यायचा हात खाटेचा पाय शोधाले लागला.

पुसली. लिहिलं. पेन्सिल कुचकुच वाजत होती.

"सोमवार होता. मंगळवार होता. माह्यापाशी आवाज होता. यानं रविवारीच खरं सांगितलं असतं तर मी घरी बसून तुमच्या कानाशी म्हटलं असतं. त्याले माइक कायले लागते? डब्बा कायले लागते?"

 बाई थांबल्या नाही. पुसून परत लिहाले लागल्या, या बारीले बारीक अक्षरात, पाटीच्या चारी कडा भरून. पाटी माह्या हातात दिली. मी पायली अन् मांडीवर उलटी ठेवली.

"काय लिहिलं?" सुदामजीनं विचारलं.

"काही नाही, काका. शिव्या हायेत."

"त्या बी वाच. तिचा एक शब्द गाळू नको."

मी वाचल्या. "बयताडा. लबाडा. तुह्या जिभेले हाड नाही. तार उलटी झाली तर बटन दाबून सरळ होते. मले आता कोणतं बटन हाय? पपई घेऊन ये म्हणून कोणी सांगितलं होतं तुले?"